उजेडवाले भाऊजी

उजेडाचं इतकं वेड असलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याशिवाय दुसरा झाला नसेल. आमच्या या भाऊजींचं गाव सानगडीपासून दोन-अडीच कोसांवर, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, टेकून वसलेलं. गावात वीज यायच्या आधी त्यांच्याकडे आठ गॅसबत्त्या होत्या. घरात कोणाला ताप आला तर त्यांना तो दोन दिवसांनी कळे, पण बत्तीची जाळी फाटली की ते भरल्या ताटावरून उठत. कोणाच्या घरी गेले की पाण्याचा पेला घ्यायच्या आधी खुंटीवरचा कंदील उतरवून त्याची काच राखेने पुसायला बसत. माझ्या लग्नात त्यांनी तीन सेलचा टॉर्च आहेर केला आणि तो चालतो हे दाखवायला भर दुपारी, मंगलाष्टकं चालू असताना, भटजींच्या तोंडावर मारला. भटजी एक कडवं विसरले. ते राहिलेलंच आहे, असं माझी बायको भांडणात अजून काढते.

दरसाल माघात गावी शंकरपट भरे. बैलजोड्या धावून झाल्या की रात्री नाटक. स्टेज पाळीच्या मागे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, पाळीकडे तोंड करून. आठही बत्त्या भाऊजींच्या, त्यामुळे नाटकात काम न करताही सगळ्यात जास्त तोरा त्यांचाच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षी मी होतो. नांदी संपली, राजा पहिलं वाक्य बोलणार, तोच त्याच्या पायाशी लिंबाएवढं काळं कासवाचं पिल्लू आलं. मागोमाग दुसरं, तिसरं. पाळीच्या भुसभुशीत मातीत कासवं अंडी घालतात. पिल्लं अंधार पडल्यावर बाहेर येतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे पाणी समजून चालू लागतात. एरवी तलावच उजळ दिसतो. त्या रात्री मात्र पाणी एका बाजूला आणि भाऊजींच्या बत्त्या दुसऱ्या बाजूला. गावाला वाटलं, साक्षात कूर्मावतार झाला. बायकांनी पिल्लांना कुंकू लावलं, नारळ फुटला, राजाने मुकुट काढून नमस्कार केला आणि नाटक तासभर उशिरा सुरू झालं.

सकाळी आम्ही बत्त्या उतरवायला गेलो. प्रेक्षकांच्या जागेत, धानाच्या तणशीत, बांध्यांच्या धुऱ्यांवर पिल्लंच पिल्लं पडली होती. बरीचशी तुडवलेली, बाकीची वाळून गेलेली. काहींच्या पाठीवर कुंकू होतं. भाऊजींनी खांद्यावरचा दुपट्टा पसरला आणि एकेक उचलून त्यात ठेवत राहिले. मग मला म्हणाले, "हे माह्या उजेडानं मेले."

पुढच्या माघात त्यांनी सांगितलं, स्टेज फिरवा, पाठ पाळीकडे करा, म्हणजे मागचा पडदा उजेड अडवेल. मंडळी उसळली. एक तर देव आपण होऊन दर्शनाला येतो, त्याची वाट बंद करायची कशी? दुसरं म्हणजे स्टेज फिरवला की त्याचं तोंड दक्षिणेकडे, आणि दक्षिणेकडे तोंड करून नांदी म्हणायला राजा तयार नव्हता. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मंग बत्त्या माह्या घरीच राहातीन." बत्त्यांशिवाय नाटक कसलं! स्टेज फिरला. त्या रात्री दुसऱ्या अंकात राजाचा घसा बसला, तो दक्षिणेमुळेच बसला यावर गावाचं एकमत झालं आणि दोन वर्षं लोक भाऊजींशी धड बोलले नाहीत. तोऱ्याची हौस एवढी, पण हे त्यांनी मुकाट सोसलं.

पुढे गावात वीज आली. तिच्यासाठी तालुक्याला सगळ्यात जास्त खेटे भाऊजींनीच घातले होते. एक खांब नेमका पाळीवर, त्यांच्या दारासमोर उभा राहिला. तेव्हा त्यांनी कचेरीत अर्ज दिला की या खांबावर दिवा नको. कचेरीतल्या बाबूला वाटलं, म्हातारा लिहिताना चुकला. दिवा नको म्हणून अर्ज कोण करील? त्याने अर्ज सुधारून घेतला आणि आठ दिवसांत दिवा लागला. कचेरीचं काम इतकं चटकन झाल्याचं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी भाऊजींनी तेलाचा डबा कापून, शिडी लावून, स्वतःच दिव्यावर बसवला. उजेड खांबाच्या बुडाशी तेवढा पडे. माघ लागला की ते दाराशी खाट टाकून बसत आणि पाळीवरून टॉर्च लावून जाणाऱ्याला टॉर्च विझवायला लावत. ताई म्हणायची, यांच्यापायी माझ्या घरी पाहुणा चाचपडत येते.

मी एकदा विचारलं, इतकं करता, पिल्लं पाण्यात शिरताना कधी पाहिलीत का? तर म्हणाले, "पाहाले उजेड लागते नं, बाबू. सकाळी पाळीवर कावळे उतरले नाई, का समजाचं सारे गेले." वाट चुकलेली पिल्लं उजाडताच कावळे टिपतात, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, माघातच, भाऊजी गेले. दहावा पाळीवर झाला. पिंड ठेवले आणि कावळा येईना. ऊन चढलं तरी आभाळात एक काळा ठिपका नाही. माणसं कुजबुजू लागली. कशात जीव अडकला असेल, कोणी काय कबूल करावं, कोणालाच सुचेना. बायकांत बसलेली ताई तेवढी निवांत होती.

ती म्हणाली, "कावळे नाई आले तं कायले घाबरता? रातच्याले पिल्लं पाण्यात गेले असतीन."

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी उठली. मी मागे राहून पाण्याकडे पाहत होतो. दहा दिवस मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.