मुरमाच्या खड्ड्यातली संध्याकाळ

दिवाळी झाली की शेळगावच्या बाजूला आमच्या माळावरचं गवत पिवळं पडतं आणि संध्याकाळ लवकर उरकते. त्या दिवसांत आम्ही चौघी रोज फिरायला जायचो. मी, माझी थोरली जाऊ, शेजारच्या काकू आणि शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, ज्यांना अख्खं गाव बाई म्हणतं. कारखाना सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, म्हणून माळ. त्यात अंथुर्ण्याकडं उसात बिबट्यानं वासरू ओढून नेल्याची बातमी आली. "उघड्यावर लांबून दिसतं तरी," असं बाई म्हणाल्या. आम्ही हातात काठ्या घेतल्या आणि जात राहिलो.

घरं वेगळी झाल्यापासून थोरल्या जाऊबाईंचं, म्हणजे आक्कांचं, माझ्याशी बोलणं कामापुरतंच होतं. त्या सगळ्यांच्या पुढं चालायच्या, मी सगळ्यांच्या मागं.

त्या दिवशी सूर्य नुकताच टेकला होता. पुढं चाललेल्या आक्का एकदम दिसेनाशा झाल्या. ओरडल्याही नाहीत, नुसता खडी घसरल्याचा आवाज आला. पळत गेलो तर मुरूम काढलेला जुना खड्डा. कडेला गवत इतकं माजलं होतं की कड कळतच नव्हती. आक्का तळाशी पडल्या होत्या आणि पाय भलतीकडंच वळला होता.

बाईंनी फोन लावला. माणसं निघाली, पण माळावर असे खड्डे ठायीठायी. कुठला ते फोनवर सांगता येईना.

"आमी दोघी रस्त्यावर जाऊन त्यांना घेऊन येतो," बाई म्हणाल्या. "तू हितंच थांब."

त्यांचे आवाज लांब गेले. मी कडेला उभी. गवतात वारा फिरला तरी मी वळून बघत होते.

"धाकटे, हायस का गं?" खालून आक्का.

"हाय की."

"वर एकटी नगं थांबू. खाली ये."

मी बसून घसरत खाली उतरले. आत गेल्यावर आणखीच भीती वाटली. वरचं काहीच दिसत नव्हतं, फक्त आभाळाचा एक तुकडा, तोही विझत चाललेला.

थोड्या वेळानं वरून बारीक खडे गळले. मान वर केली. कडेवर एक जनावर उभं होतं. उभे कान, काटकुळे पाय. लांडगा. आक्कांनी माझा हात असा धरला की बांगड्या मनगटात रुतल्या. 

"हाड! हाड, मुडद्या!" आक्का ओरडल्या. त्यांचा आवाज कापत होता. तो ऐकून माझाही आवाज फुटला. आम्ही दोघी जिवाच्या आकांतानं ओरडत राहिलो. त्यानं आमच्याकडं निवांत बघितलं, मान खाली घातली आणि तो निघून गेला.

ते जास्त वाईट होतं. आता तो कुठं आहे तेच कळत नव्हतं.

"भ्या वाटतंय का?" आक्कांनी विचारलं.

"लई."

"मला बी."

मग आम्ही मोठमोठ्यानं बोलत बसलो. वांग्यावरची कीड, त्यांच्या लेकीचं बाळंतपण, घर वाटून घेताना दळायचं जातं कुणी नेलं यावरून झालेलं भांडण, सगळं. बोलणं थांबलं की कान वर लागायचे, म्हणून थांबायचंच नाही. ट्रॅक्टरचा उजेड कडेवर पडला तेव्हा मी रडत होते आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

आक्कांना घोंगडीत घालून वर काढलं. बारामतीला पाय प्लास्टरमध्ये घातला. लांडगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, असं सगळे सांगतात. दिवसा मला ते पटतं.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा माळावर जायचं आक्कांनीच काढलं. दारात येऊन म्हणाल्या, "चल."  मी चपला घातल्या. आता आम्ही ऊन असतानाच जातो, आणि गवत आलं की मी त्यांचा दंड धरते.