फुफाट्यातली सायकल शर्यत

एकच संघ सारखा जिंकत राहिला की शर्यत नीरस होते, असे आमच्या वाशीमच्या बाजारात लोक म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. बलवान जिंकला म्हणून कोणाला कंटाळा येत नाही. आमच्या भागात एकाच घरची बैलजोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, वर्षानुवर्षे पहिली आल्याचे मी पाहिले आहे, आणि दरसाल तिला पाहायला आधीपेक्षा जास्त गाड्या सुटल्याचेही पाहिले आहे. तीन दिवसांच्या त्या सायकल शर्यतीत मला जे वाटले त्याला कंटाळा हा शब्द फार सौम्य आहे. मला किळस आली. ती का आली, हे सरळ लिहून ठेवतो.

तेव्हा मी वाशीम स्टेशनात मालबाबू होतो. माझे घड्याळ रोज स्टेशनच्या घड्याळाशी मिळवलेले असे, म्हणून शर्यतीच्या कमिटीने वेळ नोंदवण्याचे काम माझ्याकडे दिले. मी त्यांना आधीच सांगितले की रिठदच्या संघात माझा मेव्हणा आहे, तेव्हा शेवटाच्या रेषेवर दुसरा माणूस ठेवा. त्यांनी शाळेतले एक मास्तर दिले. आमची दोन्ही घड्याळे एकत्र लावली. मास्तर आधीच पुढच्या मुक्कामी जाऊन थांबत. मी सुटण्याची वेळ लिहून सायकलींच्या मागे मोटारीने जाई.

कापूस घरी आल्यावर, माघाच्या उन्हात ही शर्यत ठेवली होती. पहिल्या दिवशी वाशीमहून मालेगाववरून मेडशी. दुसऱ्या दिवशी मेडशीहून शिरपूर. तिसऱ्या दिवशी शिरपूरहून रिठदवरून परत वाशीम. तिन्ही दिवसांची वेळ मिळवून जो पहिला, त्याला नवी कोरी सायकल. संघ पाच. मालेगाव, मेडशी, शिरपूर आणि रिठद या गावांचे चार, आणि पाचवा वाशीमच्या एका जिनाचा, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याचा. संघात पाच गडी घेता येत. रिठदला तीनच मिळाले, कारण गावात धड सायकली तेवढ्याच होत्या.

जिनाच्या मालकाने पाचही गडी अकोल्याहून आणले होते. गडी चांगले होते, त्यात वाद नाही. त्यांना दूध, बदाम, मालिश करणारा माणूस, आणि मागे चाके घेऊन फिरणारी जिनाची लॉरी. बक्षिसाची सायकलही त्याच मालकाने दिली होती. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने परत घ्यायची ही तजवीज तेव्हाच लक्षात यायला हवी होती, पण कमिटीतले लोक हार घेऊन त्याच्या दारी गेले.

माझ्या मेव्हण्याला ती सायकल कशासाठी हवी होती, ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. रिठदच्या आसपासच्या खेड्यांत टपाल वाटायला एक माणूस नेमायचा होता. टपालाच्या इन्स्पेक्टरने साफ सांगितले होते की ज्याची स्वतःची सायकल असेल त्यालाच घेऊ. शर्यतीसाठी मेव्हण्याने गावातल्या दुसऱ्याची सायकल मागून आणली होती. तिचा एक पायडल गोल फिरताना दर खेपेला कुरकुरे.

"मले पयला नंबर नोको भाऊजी," तो निघताना म्हणाला, "मले सायकल पायजे. नंबर त्याच्यासंगं आला तं येऊ द्या."

"इन्स्पेक्टर कवा येऊन राह्यला?" माझ्या बायकोने विचारले.

"पुढच्या बाजाराच्या दिवशी. तू कायले घाबरतं बाई? घाबराले मी हावो ना."

पहिला दिवस बरा गेला. मेडशीपर्यंत रस्ता खडीचा आणि रुंद. जिनाचा एक गडी पहिला आला, मेव्हणा त्याच्या मागे पाऊण मिनिटाने दुसरा. मेडशीच्या पारावर लोक भांडत होते, पैजा लावत होते, उद्याचे अंदाज बांधत होते. मी मास्तरांना म्हणालो, शर्यत आहे ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संपली. उरलेला दीड दिवस फक्त चाके फिरत होती.

कारण असे. शंकरपटात एक रीत आहे. ज्या जोडीने बाजी मारली, तिला पुढल्या खेपेला पहिल्याने सोडतात. तिला मानाची जोडी म्हणतात. कमिटीचे अध्यक्ष पटाच्या बैलांसाठी नावाजलेले वृद्ध शेतकरी होते. त्यांनी पटाची रीत तशीच सायकलींना लावली. आदल्या दिवशी जो संघ पहिला, तो दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पुढे उभा राहणार, आणि तो दहा हात गेल्यावर बाकीच्यांनी निघायचे.

दहा हात म्हणजे काहीच नाही, असे ऐकणाऱ्याला वाटेल. पण मेडशी सोडून शिरपूरच्या बाजूला वळले की मुरमाचा बैलगाडीचा रस्ता लागतो. त्यात गाड्यांच्या चाकांनी दाबून टणक झालेल्या दोन चाकोऱ्या. मध्ये आणि कडेला घोट्याएवढा फुफाटा. सायकल चालते ती चाकोरीतूनच. जिनवाल्यांनी वळणावर दोन्ही चाकोऱ्या धरल्या, डावीत तिघे, उजवीत दोघे, आणि जोडीने चालू लागले. जोरातही नाही. मागून कोणी पुढे जाऊ पाहिले की तो फुफाट्यात रुते. न जावे तर पाच सायकलींची धूळ नाकातोंडात. मालेगावचे दोघे रुतून पडले. मेडशीचा एक शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळवायला गेला आणि बाभळीच्या काट्यांनी त्याची दोन्ही चाके फुटली. जिनवाले मागे पाहून हसत होते. त्यांतला एक तर बिडी ओढत होता. शर्यतीत पहिला असलेला माणूस बिडी ओढतो, हे पाहून मला पहिल्यांदा किळस आली.

शिरपूरला मंदिराच्या रस्त्यावर बरीच माणसे जमली होती. यात्रेकरूही थांबले होते. जिनाचे पाच जण आपसांत बोलत, एकमेकांना "तू हो पुढं, आज नंबर तुहा" असे म्हणत रेषा ओलांडून गेले. मागचे सगळे वीटभट्टीतून निघाल्यासारखे. टाळ्या वाजल्या, पण कोणासाठी वाजवायच्या ते लोकांना कळत नव्हते. एक दुकानदार म्हणाला, "हे तं वरातीसारखं झालं." तो चुकला नव्हता.

मेव्हण्याच्या पापण्या धुळीने लाल झाल्या होत्या. तो आता साडेतीन मिनिटे मागे होता. त्याने चूळ भरून लाल माती थुंकली.

"वाशीमपरेंतचा रस्ता बी असाच हाय," तो म्हणाला. "उद्या बी ते पुढं राह्यले तं मी त्याइच्या मांगं माती खात वाशीमले जाईन."

त्या संध्याकाळी मी धर्मशाळेत अध्यक्षांकडे गेलो. मेव्हण्याचे नाव काढले नाही. म्हणालो, "काका, पटात एका वेळी एकच जोडी धावते. पहिली सोडली काय, शेवटी सोडली काय, धावायची दाण समोर मोकळी. मान दिल्याने दुसऱ्याचे काही जात नाही. इथे सगळे एका वेळी, एका रस्त्यावर. इथे मान दिला की रस्ताच दिला. उद्या चिठ्ठ्या टाकून ज्याची निघेल त्याला पुढे उभे करा."

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली.

"मालबाबू, तुमी घड्याळ पाहा," ते म्हणाले. "मान हे मोजाची वस्तू नाई. जितला तो पुढं. माह्या बापाच्या पटात असंच होतं."

"बैल धूळ मागे टाकतात, ती बसल्यावर दुसरे बैल येतात, काका."

"मंग त्याइनं जिताचं होतं ना काल!"

जिनाचा मालक तिथेच लोडाला टेकून बसला होता. तो हसला. "मालबाबूले आमच्या पोट्ट्याइचं जितनं सोसून नाई राह्यलं," म्हणाला. सगळे हसले. मी उठून आलो. अध्यक्षांबद्दल मला आजही राग नाही. ते रीतीशी इमान राखून होते. पण रीत कुठल्या कामासाठी होती, हे न पाहता ती पाळणारा माणूस लबाडाच्या किती उपयोगी पडतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन चाकोऱ्या, पाच पाठी, मागे धूळ. रिठद मैलभर राहिले तेव्हा जिनाचा बिडीवाला गडी मागे वळून मेव्हण्याला ओरडला. मोटारीतून मला स्वच्छ ऐकू आले.

"ए रिठद! गाव आलं तुहं. मालकानं सांगतलं हाय. हो पुढं, घे हार-तुरे. गाव सरलं का मांगं ये गुमान."

आणि त्यांनी डावी चाकोरी मोकळी केली. भिकाऱ्याला पायरीवरून बाजूला व्हावे तशी.

रिठदची माणसे वेशीवर उभी होती. बाया ओवाळायला तबके घेऊन आल्या होत्या. मेव्हणा पुढे निघाला तेव्हा गावाने जी आरोळी मारली, ती अजून माझ्या कानात आहे. त्याची आई, माझी सासू, दोन्ही हात वर करून नाचत होती. तिला काय ठाऊक, की हा तिच्या मुलाला चाटायला दिलेला चमचा आहे. मला मोटारीत मान खाली घालावीशी वाटली.

पण गाव सरले आणि तो मागे आला नाही. कपाळावरचा गुलाल घामाने गळ्यात उतरलेला, पायडल कुरकुरते, आणि समोर पहिल्यांदाच स्वच्छ रस्ता. तो सुटला. जिनवाल्यांना आधी गंमत वाटली, मग त्यांनी बिड्या फेकल्या. मी घड्याळ पाहिले. दर मैलाला तो त्यांच्यापासून अर्ध्या मिनिटाहून अधिक तोडत होता. तसाच वाशीमपर्यंत गेला असता तर साडेतीन मिनिटे भरून काढता आली असती. मोटारीचा ड्रायव्हरसुद्धा सीटवरून उठून ओरडू लागला. मी ओरडलो नाही, पण घड्याळावरची नजर हलवली नाही, हे खरे.

तेवढ्यात जिनाची लॉरी आमच्या मोटारीला घासून पुढे गेली. जिनाच्या गड्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. ती मेव्हण्याच्याही पुढे गेली आणि त्याच्यासमोर हळू चालू लागली. त्यानंतर मला मेव्हणा दिसलाच नाही. धुळीचा एक लाल डोंगर दिसला, तो वाशीमकडे सरकत होता. जिनवाले तोंडाला फडकी बांधून शांतपणे त्यात शिरले. अकोल्याहून येताना फडकी आणली होती त्यांनी.

वाशीमला मेव्हणा सहावा आला. बोलता येत नव्हते त्याला. मी लॉरीची तक्रार केली. अध्यक्ष म्हणाले, लॉरी शर्यतीत नाही, तिला नियम कसा लागणार. वर मेव्हण्यालाच समज दिली, की गाव सरल्यावर मागे येण्याचा शब्द त्याने मोडला, आणि दिलेला मान असा वापरू नये. शब्द त्याने दिलाच नव्हता. त्याला कोणी विचारलेही नव्हते. मी माझे कागद मास्तरांच्या हाती दिले आणि बक्षिसाला न थांबता घरी आलो.

दोन दिवसांनी मेव्हणा आमच्या घरी आला, तो सायकलवर. तीच, बक्षिसाची. अजून दांडीला कागद गुंडाळलेला.

बायको धावत बाहेर गेली. "कोणं देल्ली रे?"

"जिनाच्या मालकानं," तो खाली पाहत म्हणाला. "त्या अकोल्याच्या गड्याइले रोजाचे पैसे होते, सायकल मालकाचीच. त्यानं बलावलं मले. म्हने, तुह्या पायात जोर हाय. सायकल ठेव, टपाल वाट. पुढच्या सालापासून आमच्याकडून चालव."

"आणि लॉरी?" मी विचारले.

"लॉरीचं बी बोलला. म्हने, मनावर नोको घेऊ."

बाजार दोन दिवसांवर आला होता. इन्स्पेक्टर येणार होता. नको म्हण, असे सांगणे मला सोपे होते. माझी नोकरी होती. त्याने पाण्याचा तांब्या संपवला आणि म्हणाला, "भाऊजी, तुमी घ्याल काय मले सायकल?" तो टोमणा नव्हता, सरळ प्रश्न होता. मला ते जमण्यासारखे नव्हते, आणि त्याला ते माहीत होते.

नोकरी त्याला लागली.

पुढल्या माघात कमिटी पुन्हा घड्याळासाठी आली. मी नाही म्हटले आणि शर्यत पाहायलाही गेलो नाही. लोकांकडून कळले की मालेगाव आणि मेडशीने संघच दिले नाहीत. जिनवाल्यांनी तिन्ही दिवस पहिले पाच नंबर घेतले. उजव्या चाकोरीत या खेपेला माझा मेव्हणा होता.

शर्यत झाल्यावर तो घरी आला. बायकोने त्याला भाकरी वाढली, ठेचा वाढला. तो पोटभर जेवला.

"भाऊजी, यंदा पाह्याले नाई आले?"

"काय होते पाहण्यासारखे?"

"काईच नाई," तो म्हणाला. "मांगं कोनी नाई, पुढं कोनी नाई. रिठद कवा गेलं ते समजलं बी नाई. गावातलं कुत्रं बी नाई भुकलं." त्याने ताटात पाणी ओतून हात धुतले. "चालवता चालवता मलेच झोप येऊन राह्यली होती."

बायको हसली. तोही हसला. मला हसू आले नाही.