छतावरचा थांबा

अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या छतावर माती पसरून रानगवत आणि रानफुलं लावलेली आहेत. ती राखतात चौथ्या मजल्यावरचे काका. बोलताना ते वाक्यावाक्याला थांबतात, समोरच्यासाठी जागा ठेवल्यासारखे. "ओढ्यापासून पार्कपर्यंत नुसतं काँक्रीट. पाखरांनी, भुंग्यांनी मध्ये टेकायचं कुठे? म्हणून हा थांबा."

माझी मुलगी दर शनिवारी त्यांच्याकडे वर जाते. माझ्याशी ती इंग्रजीत बोलते, तेही कामापुरतं. कुणापाशी बोललो नाही, पण त्या म्हाताऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो.

परवा मीही वर गेलो. फुलावरून एक फुलपाखरू उडालं, तसे काका त्याला म्हणाले, "अरे, न सांगता निघालास?" मुलगी खळखळून हसली आणि त्याच्या वतीने म्हणाली, "येतो हं, काका!" असं मोकळं मराठी तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मला पाहताच ती इंग्रजीवर आली. "डॅड? एनीथिंग राँग?"

"खाली छतातून पाणी गळतंय," मी म्हणालो.

खरं तर टिपूसभरही गळत नव्हतं.

काका लगेच गुडघे टेकून बसले आणि बहरलेली झाडं हातांनी उपटून गळती शोधू लागले. मुलगीही त्यांच्या शेजारी बसून माती उकरायला लागली. मी बघत उभा राहिलो.