आबांच्या नावाखालचं पांढरं पान

"मिशनच्या वस्तीतल्या पोरीला काम दिलं, की असंच व्हतं."

चेअरमनचा पुतण्या हे माईकवरून बोलला. साखर कारखान्याचा मांडव हसला. मी, त्या ख्रिस्ती वस्तीतली पोरगी, लॅपटॉपसमोर उभी. मागच्या मोठ्या पडद्यावर माझं ॲप. म्हणजे नुसतं पांढरं पान.

ऊसतोडीची पाळी शेतकऱ्याला घरबसल्या कळावी म्हणून मी ते बनवलं होतं. आदल्या दिवशी क्लाउडवर चढवलं, आईच्या मोबाईलवर उघडून बघितलं. झकास चालत होतं. आज त्याचं उद्घाटन. नारळ फुटला, चेअरमनसाहेबांनी बटण दाबलं, आणि काहीच दिसेना.

मी लगेच ब्राउझर तपासला तर लाल अक्षरांच्या ओळी, फाइल सापडत नाही. मग वरचा पत्ता वाचला. त्यात आबांचं, म्हणजे चेअरमनच्या वडिलांचं नाव. आमच्याकडे कमान, शाळा, पूल, सगळ्याला आबांचंच नाव. सर्व्हरचा पासवर्ड पुतण्याकडे होता. मला न विचारता त्याने सकाळी ॲप उचलून आबांच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं. ॲप बिचारं आपल्या फाइली जुन्याच जागी शोधत होतं.

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं. तो पुन्हा माईकवर. "आबांच्या नावामुळं बंद पडलं म्हणती ही! माफी माग आदी."

आता कोणी हसेना.

तेवढ्यात पप्पा उठले. याच कारखान्यात हंगामी कामगार. आज लेकीसाठी इस्त्रीचा सदरा घालून आलेले. सगळ्यांसमोर वाकले, हात जोडले. "साहेब, लेकराची चूक झाली. पदरात घ्या."

पुतण्याचं बोलणं मी गिळलं असतं. पप्पांचे ते हात मला बघवले नाहीत. मी माईक ओढून घेतला.

"चूक माझी न्हाई. माफी मागणार न्हाई."

आणि मांडवातून निघाले. एकटीच. पप्पा मागे आले नाहीत.

त्यानंतर यंदाचा हंगाम सुरू झाला, तेव्हा पप्पांना कामावर बोलावलं नाही. पुतण्याचा निरोप तेवढा आला. पोरीनं माफी मागावी, बापाला लगेच घेतो.

पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. काल मला ऐकू जाईल असं आईला म्हणाले, "दोन शब्द बोलली तर झिजंल का ही?"

पप्पा, तुमच्या पायावर डोकं ठेवून रडेन. तुम्हाला कमवून घालीन. तुम्ही जन्मभर बोलला नाहीत तरी सोसेन. पण ते दोन शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत.