अंदाज आणि निकाल

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. हात चिकाने बरबटलेले, म्हणून फोन कसाबसा करंगळीने स्पीकरवर टाकला. "शोभाताई, हे गेले," वहिनी म्हणाली. सकाळी ओट्यावरच्या खुर्चीत चहा पिता पिता मान कलली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका. वहिनीच्या आवाजात रडू नव्हतं, नंतर तेराव्यापर्यंतही ती रडली नाही. मी हात धुतले, गॅस बंद केला, कुरडयांवर जुनं पातळ टाकलं आणि निघाले. एवढं सगळं नीटनेटकं कसं केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. माणूस यायचा, थोडा वेळ बसायचा आणि निघताना मला बाजूला घेऊन आवाज खाली आणून विचारायचा, "कशानं गेले वो?" अटॅकने, असं मी सांगितलं की समोरचा सुटकेचा श्वास सोडायचा. "बरं... म्हंजे वाईटच झालं, पण..." ते 'पण' कुणी पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. माझा भाऊ मधली काही वर्षं नैराश्याने अंथरुणाला खिळला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तशा माणसाचा शेवट एकाच तऱ्हेने होतो अशी सगळ्यांची खात्री होती. भाऊ बियाणं तपासणारा; तो असता तर म्हणाला असता, पाहुण्यांनी दाणा नुसता बघूनच नापास केला. मी हे लिहितेय ते त्या 'पण'साठी.

अशोक माझा थोरला भाऊ. घनसावंगीजवळचं आमचं गाव सोडून तो जालन्यात आला आणि एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये लागला. काम उगवण तपासण्याचं. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ठरल्या दिवशी उघडायची आणि कोंब मोजायचे. दाणा कितीही टपोरा असो, बघून पास करायचा नाही, हा तिथला नियम. घरातही त्याचं तेच. मी एकदा कलिंगड वाजवून "गोड आहे" म्हणाले, तर कापेपर्यंत ऐकलं नाही. वर ते फिक्कं निघालं म्हणून दिवसभर खूश.

एका वर्षी त्याच्या शब्दावर गावाने सोयाबीनचं बियाणं घेतलं. लॅबमध्ये ते चांगलं उगवलं होतं, शेतात उगवलं नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, पोती आपटली तरी उगवण जाते. दोष वाहतुकीत होता असं पुढे निघालं, कंपनीने बियाणं बदलूनही दिलं, लोकांनी दुबार पेरणी केली. पण आमचे चुलते आप्पा त्याला भर अंगणात म्हणाले, "तू सांगितलं म्हनून घेतलं. तुझ्यावर भरोसा ठिवला, हीच चूक झाली." भाऊने मान खाली घातली ती वर केलीच नाही. आधी गावाला जाणं बंद झालं, मग झोप गेली, मग जेवण, शेवटी ड्यूटी. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आंघोळीला उठवायला दोघं लागायची. "माझ्यामुळं सगळ्यांचं वाटोळं झालं," एवढंच बोलणं. नातेवाइकांनी आपापलं औषध सांगितलं. कुणी म्हणालं फिरून या, कुणी म्हणालं नारळ फोडा. मीही, शाळेत गणित शिकवणारी बाई, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" हे रोज सांगायचे. मला त्याचा राग यायचा. घरातला सगळ्यात शहाणा माणूस असा वेड्यासारखा का वागतो, म्हणून.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला एका मेडिकलच्या वर बसणाऱ्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. वहिनीची अंगणवाडी असायची, म्हणून सोबत मी. मॅडम वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. या उपचाराला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात, मनात येतो तो विचार खरा धरण्याआधी तपासायचा आणि त्याप्रमाणे काहीतरी करून बघायचं, असं त्यांनी समजावलं. मला तो पैसे घेऊन गप्पा मारण्याचा धंदा वाटला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "सगळं गाव तुम्हाला दोष देतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय मॅडम? कळतं न."

"लॅबमध्ये दाणा बघून पास-नापास करता का?"

"बिलकुल न्हाई. कागदात ठिवून."

"मग गावाला न तपासताच नापास कसं केलंत?"

भाऊ हसला... किती दिवसांनी, ते आठवत नाही.

हसला म्हणून बरा झाला असं काही नाही. मॅडमनी विचार लिहून ठेवायला सांगितले तर त्याने साफ नकार दिला. जन्मभर नोंदीच केल्या, आता नको म्हणाला. मग तडजोड म्हणून मला फोन करायचं ठरलं. काही करण्याआधी त्याने अंदाज सांगायचा, करून झाल्यावर निकाल. "शोभे, अंदाज. कोपऱ्यापर्यंत बी जाणं होणार न्हाई." अर्ध्या तासाने, "निकाल. दूध घेऊन आलो. दम लागला, पण आणलं." मी भर वर्गात असताना हे फोन यायचे. मला हा प्रकार खुळचट वाटायचा आणि फोन आला नाही की जीव टांगणीला लागायचा. मधे एकदा तो पुन्हा घसरला, पुन्हा भिंतीकडे तोंड. मॅडम म्हणाल्या, असं होतं, परत दुधापासून सुरू करा. त्याने केलं. तो पुन्हा कामावर जाऊ लागला तेव्हा कुठे माझा या मॅडमवर विश्वास बसला.

गावाला जायचं मात्र तो टाळत राहिला, आणि मॅडम सोडत नव्हत्या. अखेर एका रविवारी आम्ही दोघं जीपने गेलो. अंदाज असा होता, की हॉटेलात बसलं की जो तो सोयाबीनचंच काढणार. आम्ही बाकड्यावर बसलो. कुणी पोरीचं लग्न जमलं का विचारलं, कुणी एमआयडीसीत पोराला चिकटवा म्हणून मागे लागलं. सोयाबीनचं नावही कुणी काढलं नाही. मी मनात सुटले म्हणतेय तोच आप्पा आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "आले का बियाणंवाले साहेब? आता काय इकाया आल्ते?" भाऊने कप बशीत ठेवला. मला वाटलं, संपलं, आता हा उठतो आणि परत भिंतीकडे... पण तो उठला नाही. चहा संपेपर्यंत बसून राहिला. पुढच्या भेटीत मॅडमनी विचारलं, "एक जण बोलला. मग काय झालं?"

भाऊने विचार करून सांगितलं, "काई न्हाई. चहा पिऊन राह्यलो."

त्यानंतर तो गावाला जात राहिला, त्याच बाकड्यावर बसत राहिला. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. मॅडमकडे जाणंही थांबलं. आप्पा समोरून जात, बोलत नसत. मला फोन करायची गरज आता नव्हती, पण सवय राहिली. ओट्यावरच्या खुर्चीत बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो अंदाज सांगायचा. ही भाजी पोरं खाणार नाहीत, बस वेळेवर येणार नाही, तू या वर्षी तरी निवृत्त होणार नाहीस. शेवटचा फोन जायच्या दोन दिवस आधीचा. घरचं सोयाबीन त्याने निवडलं होतं, कागदात लावून तपासलं होतं आणि पिशवी भरून ठेवली होती. "आप्पाला नेऊन देतो. अंदाज, घेणार न्हाईत."

"मग कशाला नेतोस?"

"निकाल लागाया पायजे न, शोभे."

तेराव्यानंतर ती पिशवी खुर्चीच्या मागे तशीच उभी होती. वहिनी म्हणाली, "तुम्ही नेऊन द्या. माझ्यानं होणार न्हाई." मी नेली, आपटू नये म्हणून जीपमध्ये मांडीवर धरून. आप्पा आता थकलेत. भाऊच्या मातीला आले होते, पण लांब उभे होते. मी पिशवी पुढे ठेवली आणि कुणाची ते सांगितलं. त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर दाणे काढले, बराच वेळ हातात धरून बसले. "अशोकनं तपासलं का?"

"हो."

"मंग मी बी तपासतो." त्यांनी सुनेला गोणपाट ओलं करून आणायला सांगितलं. सावलीत ते अंथरून त्यांनी दाणे एकेक करून ओळीत मांडले. माफीबिफी काही नाही. मला चहा दिला, मी पिऊन परत आले.

आठवडाभराने आप्पांचा फोन आला. "उगवलं बराबर. हेच पेरतो," म्हणाले आणि ठेवून दिला. माझा अंगठा त्याच झटक्यात भाऊच्या नावावर गेला. रिंग वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलंय ते. तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. वहिनीने तो चार्ज करून ठेवला होता.

"निकाल का?" वहिनीने विचारलं.

"घेतलं," मी म्हणाले. "तेच पेरणार आहेत."

"म्हंजे अंदाज चुकला ह्यांचा," वहिनी म्हणाली, आणि मग रडायला लागली.