दादाची कॉफी सोडवताना

माझा मोठा भाऊ चष्मे दुरुस्त करतो. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने बाहेरच थांबावं. तुटलेली दांडी, सैल पडलेली बिजागरी, निखळलेली काच, सगळं तो बसल्या जागी करून देतो, आणि लोक जाताना मला सांगतात की तुमचा भाऊ म्हणजे अगदी शांत माणूस हो. शांत म्हणे. एकदा त्याच्या कॉफीत साखर घालून बघावी, मग बोलावं.

वहिनी गेली तेव्हा मी 'थोडे दिवस' म्हणून त्याच्याकडे राहायला आले. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत डाग काढायचं काम करते. दिवसभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढायचे आणि घरी येऊन दादाच्या कपांचे तळ घासायचे, असा माझा दिनक्रम आहे.

दादाची कॉफी काळी. दूध नाही, साखर नाही, दया नाही. उठल्या उठल्या एक कप, आंघोळ झाली की एक, दुकानाचं शटर वर गेलं की एक, आणि त्यानंतर शेजारची कॉफीवाली मधल्या खिडकीतून कप सरकवत राहायची ते संध्याकाळपर्यंत. हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते त्याला काम शिकवणाऱ्या मालकांनी. ते स्वतः असलीच कॉफी प्यायचे आणि त्यालाही द्यायचे. नको म्हटलं तर काम शिकवणार नाहीत या भीतीने दादा डोळे मिटून गिळायचा. पुढे ती त्याला आवडायलाच लागली. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ज्याला कडू गोड लागायला लागतं तो गप्प बसत नाही, तो दुसऱ्याला शिकवायला निघतो. जीभ आधी भांडते, मग कुरकुरते, मग दमून गप्प बसते, आणि गप्प बसली की तिला चव कळायला लागते, हे प्रवचन आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. माझा जावई लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला आला आणि बिचाऱ्याने साखर मागितली. दादा म्हणाला, साखर संपली आहे. हे म्हणताना त्याचा हात साखरेच्या डब्याच्या झाकणावर होता. जावयाने कप औषधासारखा रिचवला. तेव्हापासून तो आमच्याकडे येताना खिशात साखरेच्या पुड्या घेऊन येतो.

आणि मी? मीही शिकले. वर्षानुवर्षं नाक मुरडत प्यायले, आणि एक दिवस लाँड्रीतल्या बाईंनी प्रेमाने गोड कॉफी दिली तर ती माझ्या घशाखाली उतरेना. त्या दिवशी घरी येऊन मी दादाशी भांडले. चांगली जीभ होती माझी, बिघडवून ठेवली या माणसाने. तो नुसता हसत होता.

मग त्याचा हात थरथरायला लागला. मी डबा द्यायला दुकानात गेले होते. तो कुणाच्या तरी चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवत होता आणि स्क्रू पुन्हा पुन्हा चिमट्यातून निसटत होता. चष्म्याचा स्क्रू तिळाएवढासुद्धा नसतो. ज्याचा हात हलतो त्याला तो बसवता येत नाही, आणि ज्याला स्क्रू बसवता येत नाही त्याने चष्म्याचं दुकान काढून करायचं काय? दादाला दुसरं काहीही येत नाही. तो म्हणाला, कॉफी जरा जास्त झाली आज. मी म्हटलं, रोजच होते. पण डबा माझ्या हातातच राहिला. आमच्या आईचंही असंच हातापासून सुरू झालं होतं. आधी बशीत कप वाजायचा, मग बटणं लागेनात, आणि शेवटी आम्ही दोघं आळीपाळीने तिला भरवायचो. हे दादाला आठवत होतं, मलाही आठवत होतं, आणि दोघांपैकी कुणीही तोंडातून शब्द काढला नाही.

ओढून ओढून त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, सगळं नीट ऐकून घेत होत्या. मी आईचा विषय काढणार तेवढ्यात दादाने टेबलाखाली माझा पाय दाबला, आणि मीही मुकाट बसले. बाई म्हणाल्या, इतक्या कॉफीनेही हात थरथरू शकतो, ती हळूहळू कमी करत बंद करा, तरी थरथर राहिली तर मात्र पुन्हा या, तपासण्या करू. त्या बरंच काही बोलल्या. मी घरी आणला तो फक्त एकच शब्द, कॉफी. बुडत्याला काडीचा आधार, तसा मला तो शब्द मिळाला होता.

हळूहळू वगैरे मला जमत नाही. घरातली सगळी कॉफी मी त्याच दिवशी लाँड्रीतल्या बाईंना देऊन टाकली. मग जे काही भोगलं ते माझं मला माहीत. त्याचं डोकं दुखायचं. तो नळावर चिडायचा, वर्तमानपत्रावर चिडायचा, चप्पल सापडली नाही की चपलेवर चिडायचा. मी गरम पाणी पुढे केलं तर म्हणाला, याने माणूस आतून फक्त ओला होतो. पण शब्दाला जागला, थेंबभरही प्यायला नाही. हळूहळू डोकं दुखायचं थांबलं, चिडचिड संपली, रंग सुधारला. हात मात्र होता तसाच होता. जेवताना माझं लक्ष त्याच्या हाताकडे जायचं, आणि ते कळलं की तो हात टेबलाखाली घ्यायचा.

अशातच एका संध्याकाळी तो घरी आला तो कॉफीचा वास घेऊन. शर्टाच्या बाहीवर तपकिरी डाग. काय सांगू, मला इतका आनंद झाला! म्हणजे हा चोरून पितोय. म्हणजे हात त्यामुळेच हलतोय, दुसरं काही नाही. मग मी जी सुटले. म्हटलं, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. म्हटलं, या वयात बहिणीला फसवतोस, लाज कशी वाटत नाही? तो मान खाली घालून उभा राहिला आणि चुकलं म्हणाला. दादा आणि चुकलं! हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता, तरी मला शंका आली नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

पुढे हे रोजचंच झालं. तो वास घेऊन यायचा, मी ओरडायचे, तो ऐकून घ्यायचा. डॉक्टरांकडे पुन्हा जायचा विषय निघाला की मी म्हणायचे, आधी प्रामाणिकपणे सोड, मग जाऊ. तो लगेच मान डोलवायचा.

त्याच्या शर्टांचे डाग घरी धुऊन निघेनात, म्हणून मी शर्ट लाँड्रीत नेले आणि दिव्याखाली धरले. कॉफी सांडली की डाग पसरतो, आणि वाळताना त्याची कड गडद होते. या डागांना कडच नव्हती. कापडाच्या विणीत बारीक कण रुतून बसले होते, कुणीतरी बोटाने चोळल्यासारखे. प्रत्येक शर्टावर एकच जागा, उजवी बाही. आणि छातीवर एक थेंब नाही. ज्याच्या हातात कप डुगडुगतो त्याच्या छातीवर थेंब नाही? माणसाने खोटं वागावं, पण आपली बहीण पोटासाठी काय काम करते एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मी तशीच कॉफीवालीकडे गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते. ती मशीन पुसत होती. म्हणाली, "तुमच्या भावाने कॉफी सोडली ती सोडलीच की हो. एक कप नेला नाही माझ्याकडून. दुकान बंद करताना थोडा चोथा तेवढा मागून नेतात. कुंड्यांना घालतो म्हणाले."

आमच्या घरात एकही कुंडी नाही. मी तिथल्या स्टुलावर बसले. म्हणजे तो खरंच पीत नव्हता. म्हणजे हात कॉफीने हलत नव्हता. एवढे दिवस जे मी ओरडून ओरडून बाजूला सारलं होतं, ते समोर येऊन बसलं. मला भीती वाटली, भयंकर भीती वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी कॉफीचं एक पाकीट विकत घेतलं आणि घरी आले.

दादा नेहमीच्या वेळी आला. तोच वास, तीच बाही, मला दिसेल अशी पुढे केलेली. दारातच थांबला, बोलणी खायला. मी बोलले नाही, तसा गोंधळला.

"दादा, चोथा चोळला की डाग पडत नाही," मी म्हटलं. "नुसता मळ बसतो."

त्याने बाहीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हात टेबलावर ठेवला, माझ्यासमोर. हात हलत होता.

"कशाला केलंस हे?"

"मी कॉफी सोडली, तरी हात थांबेना, तेव्हा तुझ्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत चालू असायचा," तो म्हणाला. "पहिल्यांदा वास आला तो चुकूनच, कॉफीवालीचा चोथा अंगावर सांडला होता. तू ओरडलीस, दिवा घालवलास आणि घोरायला लागलीस. आईच्या वेळी तू फार जागलीस गं. म्हटलं, माझ्या वेळचं जागरण थोडं पुढे ढकलू."

मी त्याला गाढव म्हटलं. मूर्ख म्हटलं, अडाणी म्हटलं, मोठ्या भावाला जे जे म्हणू नये ते सगळं म्हटलं आणि रडले. मग डोळे पुसून डॉक्टर बाईंना फोन लावला, आईचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि उद्या सकाळची वेळ घेतली. तो ऐकत होता. या वेळी त्याने पाय दाबला नाही.

मी पाकीट फोडलं. दोन कप केले, काळे. त्याचा अर्धाच भरला, सांडू नये म्हणून, आणि त्याच्यापुढे ठेवला.

"घे," मी म्हटलं, "आता खरी पी."