स्वतःला किती द्यायचे

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. दहावीला एक्याण्णव टक्के मिळाले, तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "उरलेले नऊ शाळेतच विसरून आलात का?" चिडले की ते मला अहोजाहो करायचे, आणि खूश झाले तरीही. कोथरूडच्या अशा घरात वाढलेल्या बाईला कंपनी दर मार्चमध्ये विचारते, तुम्ही स्वतःला पाचपैकी किती द्याल? माझं उत्तर ठरलेलं असायचं. तीन. चार म्हणजे आगाऊपणा, पाच म्हणजे सरळ निर्लज्जपणा. चौदा वर्षं मी तीन देत आले, आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला गर्व होता.

आमची कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करते. आठ जणांच्या टीमची मी लीड. त्यातला एक जण टेस्टिंग करायचा, म्हणजे प्रोग्रॅम रुग्णालयात जाण्याआधी तो कुठे मोडतो ते शोधायचा. अमरावतीकडचा, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. पुण्याच्या टोकाला, मांजरी गावातल्या नवीन सोसायटीत राहायचा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, घरात पगार त्याचा एकट्याचा. मीटिंगमध्ये मला मॅडम म्हणायचा आणि चहाला गेलो की ताई.

फॉर्म भरण्याआधी सगळे मला दाखवायचे. तसा नियम नव्हता, पण मी जरा भाषा नीट करून द्यायचे म्हणून रीत पडली होती. त्या वर्षी त्याने स्वतःला पाच दिले होते. खाली लिहिलं होतं: 'एकाच नावाचे दोन पेशंट एकाच दिवशी आले, तर एकाचा रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला जोडला जात होता. हे मी शोधलं. मी नसतो तर चुकीचा रिपोर्ट पेशंटच्या हातात गेला असता.'

यातला शब्द न् शब्द खरा होता. ती चूक आम्हा बाकीच्या सात जणांच्या नजरेखालून गेली होती, माझ्याही.

"अरे, 'मी नसतो तर' काय?" मी म्हणाले. "आपली पाठ आपणच थोपटायची का?"

"पण ताई, मी खोटं नाही ना लिहून राहिलो."

"खोटं कोण म्हणतंय? शोभत नाही, एवढंच. आणि पाच? वरचे लोक हसतील."

तो म्हणाला, "तुम्ही सांगा कसं लिहू. इथं कसं लिहितात ते तुम्हाला माहीत."

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, कीबोर्ड माझ्याकडे ओढून टाइप केलं. 'टीमने रिपोर्टसंबंधीची एक त्रुटी वेळेत शोधून दूर केली.' पाचाचे तीन केले. फॉर्म सुटसुटीत दिसायला लागला आणि मला बरं वाटलं. एखाद्याची गबाळी कॉलर सरळ करून द्यावी, तसं.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी मला कँटीनमध्ये बाजूला घेतलं. मोठं गिऱ्हाईक सुटलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. "आपल्यातच ठेवा," ते म्हणाले, "पण या वेळी स्वतःला कमी देऊ नका. वरून कपातीची यादी मागवली आहे. माणसं कोण बघतंय, आकडे बघणार."

जागेवर आले आणि माझा फॉर्म उघडला. तिनाचे चार केले. चौदा वर्षांचा बाणा पुसायला एक क्षण लागला, आणि लाजही वाटली नाही. खाली 'मी'ने सुरू होणारी चार वाक्यं लिहिली.

त्याचा फॉर्म तेव्हा माझ्याकडेच आलेला होता. पुढे पाठवायला दोन दिवस होते. मला तो परत पाठवता आला असता, किंवा मीच त्याला जास्त देऊ शकले असते. पण माणसाने स्वतःला तीन दिले आणि लीडने पाच, तर एचआर कारण विचारतं, लांबलचक खुलासा द्यावा लागतो. शिवाय साहेबांनी विश्वासाने सांगितलेलं. शिवाय एकाला सांगितलं तर बाकीच्यांनाही सांगावं लागेल. आज ही कारणं लिहिताना एकेक किती फुसकं आहे ते दिसतं. तेव्हा ती मला तत्त्वं वाटत होती. मी त्याच्या तिनापुढे माझे तीन लिहिले आणि मूग गिळून बसले.

यादीत आमच्या टीममधलं एकच नाव निघालं. एचआरच्या मुलीने त्याला आणि मला समोर बसवून त्याचा फॉर्म वाचून दाखवला. ठोस वैयक्तिक कामगिरी आढळत नाही, असं ती म्हणाली. रिपोर्टची ती चूक त्याने एकट्याने शोधली होती, हे मी तेव्हा सांगितलं. तिने नम्रपणे विचारलं, "मग हे इथे लिहिलेलं का नाहीये?" त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "राहून गेलं," म्हणाला.

त्यानंतर तीन महिने मी रोज ठरवायचे की त्याला फोन करायचा. शेवटी त्याचाच आला, एका शनिवारी सकाळी. आवाज नेहमीसारखा होता. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या होत्या, जमलं नव्हतं. आता हिंजवडीच्या एका कंपनीत बोलावलं होतं.

"ताई, बायोडाटा पाठवतो, एकदा नजर टाका. जास्त तर नाही ना लिहिलं, ते बघा."

तो अजून मलाच विचारत होता. मला ते सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. कँटीन, यादी, माझे चार, त्याचा फॉर्म माझ्या हातात होता ते दोन दिवस. मला आधी कळलं होतं, असंही स्पष्ट सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पलीकडे त्याची मुलगी काहीतरी मोठ्याने वाचत होती. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "पण ताई, ते दोन दिवस तर मी तुमच्या बाजूलाच बसून होतो ना?"

"हो," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो."

मी दिवसभर मेल उघडून बघत होते. बायोडाटा त्याने पाठवला नाही.